शब्दचर्चा: ‘टिकाऊ’, ‘चिवट’ की ‘अवध्य’? आणि एकखांबी डेक

प्रश्न

आम्ही चौघं दर रविवारी मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळतो. पानं इंग्रजी, बोलणं मराठी. परवा एका नव्या भिडूला माझा डेक, म्हणजे खेळायला निवडलेल्या पानांचा गठ्ठा, समजावताना मी म्हणालो, “यात एकच टिकाऊ क्रीचर धरायचं आणि सगळी ताकद त्याच्यावर चढवायची.” त्याने लगेच विचारलं, “टिकाऊ म्हणजे? जास्त मार सहन करणारं?” आणि मी अडलो. माझं क्रीचर, म्हणजे लढणारा जीव, मार सहन करणारं नाहीच मुळी. ते आहे स्लिपरी बोगल. एका मानाचं (माना म्हणजे पान खेळायला लागणारी जादूची शक्ती), 1/1, म्हणजे मारही एक आणि सहनशक्तीही एक, कुणीही फुंकर मारावी आणि पडावं असं. फक्त हेक्सप्रूफ, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आपला मंत्र त्याच्यावर रोखता येत नाही.

मग याला मराठीत काय म्हणायचं? आणि एकाच जिवावर डेक उभारण्याच्या या पद्धतीला एखादा चपखल शब्द आहे का?

प्रतिसाद

‘टिकाऊ’ नकोच. टिकाऊ असतं ते कापड, रंग, लाकूड, फार तर लोणचं. काळापुढे जे तग धरतं ते टिकाऊ. माणसाला किंवा जनावराला आपण काटक म्हणतो, कणखर म्हणतो, चिवट म्हणतो, आणि या तिघांतही फरक आहे. काटक हा अंगकाठीने बारीक पण कष्टाला न हटणारा. कणखर मुख्यतः मनाने. चिवट तो, जो संपला असं वाटतं आणि संपत नाही. हरळी चिवट असते, कितीही खणा.

तुमच्या बोगलला यातला एकही शब्द लागू नाही. त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नाही, एवढंच त्याचं बळ. ‘हेक्स’ म्हणजे करणी. तेव्हा सरळ ‘करणी न लागणारा’ म्हणा.

प्रतिसाद

करणीपेक्षा मला दृष्ट जास्त जवळची वाटते. करणी गुपचूप, दूर बसून करतात. दृष्ट लागायला कुणीतरी त्या एकाकडे बघावं लागतं, आणि हेक्सप्रूफमध्ये नेमकं तेच अडवलं आहे: नेम धरणं. “याला दृष्ट लागत नाही” म्हटलं की नव्या भिडूला पुढचा नियमही आपोआप कळतो. रॅथ ऑफ गॉड पडलं की सगळेच जीव मरतात, बोगलही मरतो. तो मंत्र कुणा एकाकडे बघतच नाही. पूर आला तर काजळाच्या तिटेचा काय उपयोग?

हे तीन वेगवेगळे गुण आहेत, त्यांना एका शब्दात कोंबू नका. ट्रोल असेटिक बघा. त्यालाही दृष्ट लागत नाही, शिवाय मरायच्या वेळी दोन माना दिल्या की तो वाचतो. तो खरा चिवट, जरासंधासारखा. आणि रॅथ ऑफ गॉडमध्ये ‘मेलेल्यांना असं वाचवता येणार नाही’ असंही लिहिलंय. कृष्णाने गवताची काडी चिरून उलटसुलट टाकली आणि भीमाला खूण पटली, तसंच ते.

तिसरा डार्कस्टील कोलोसस, 2004 सालच्या संचातला, 11 मानांचा, 11/11. त्याचा नाशच होत नाही. त्याला ‘अमर’ किंवा ‘अविनाशी’ म्हणणारे भेटतात, पण योग्य शब्द अवध्य. पुराणातले अवध्य असुर वधापुरतेच सुरक्षित असत. वराला पळवाट असायचीच. कोलोससलाही आहे. स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स त्याला मारत नाही, खेळाबाहेर काढतं. आमच्याकडे त्याला ‘तडीपार’ म्हणतात. अवध्य आहे, पण तडीपार करता येतो, हे वाक्य दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

प्रतिसाद

डेकच्या पद्धतीला शब्द तयारच आहे: एकखांबी तंबू.

प्रश्नकर्ता

मनात आला होता, पण मागे सरलो. एकखांबी तंबू आपण दोष दाखवायला म्हणतो. एकाच नेत्यावर चालणारा पक्ष, एकाच माणसाच्या खांद्यावरची संस्था. माझा डेक तसा मुद्दाम बांधलेला आहे, तो दोष नाही.

प्रतिसाद

तंबू कसा उभा राहतो ते आठवून बघा, मग हा शब्द सोडवणार नाही. खांब एकटा उभा राहतच नाही, त्याला चहूबाजूंनी तणावे लागतात. बोगलच्या डेकमध्ये ऑरा, म्हणजे जिवावर चढवायची जादूची पानं, हे तणावेच.

मागच्या महिन्यातला माझा डाव सांगते. पहिल्या फेरीत बोगल. दुसऱ्या फेरीत त्याच्यावर इथिरियल आर्मर आणि रँकर, प्रत्येकी एक माना. आर्मर आपल्या दर एन्चँटमेंटमागे (ऑराही त्यातच मोडतात) +1/+1 देतं, म्हणजे दोघांचे +2/+2, वर रँकरचे +2/+0. 1/1 चा बोगल 5/3 झाला. समोरच्याचे जीवनगुण 20 चे 15. तिसऱ्या फेरीत डेब्रेक कॉरोनेट, +3/+3. आर्मरची मोजणीही एकाने वाढली. बोगल 9/7! समोरचा 6 वर. त्याच्या हातात जीव मारणारी दोन पानं होती हे नंतर कळलं, दोन्ही नुसती धरून बसला होता.

आणि मग त्याने लिलियाना ऑफ द व्हेल खेळली. ती जिवाकडे बघत नाही, खेळाडूकडे बघते: “तुझा एक जीव बळी दे.” माझ्याकडे एकच होता. बोगल गेला, आर्मर गेलं, कॉरोनेट गेलं. रँकर तेवढं हातात परत आलं, त्या पानावर लिहिलंच आहे तसं. पण अडकवायचं कशाला? खांब गेला की तणावे जमिनीवर नुसते पसरतात. मी ते टेबलावर बघत होते. तेव्हापासून मला दुसरा शब्द सुचत नाही.

दोषाचं म्हणाल, तर तो शब्दात राहू द्या. हा डेक ज्याने हातात घेतला त्याला हा धोका माहीत असायलाच हवा.

प्रतिसाद

पटलं. एक पुस्ती: ‘डेक बांधणे’पेक्षा डेक जुळवणे बरं. आपला पत्त्यांचा कॅट विकत आणला की 52 पानांचा तयार असतो, फक्त पिसायचा. इथे निदान 60 पानं, एकेक निवडून, एकमेकांना पूरक बघून घ्यायची. स्थळं जुळवतात, सूर जुळवतात, तसंच हे.

प्रश्नकर्ता

तर ‘दृष्ट न लागणारा’, ‘चिवट’, ‘अवध्य’ हे तिन्ही वेगळे ठेवतो, आणि डेक एकखांबी. सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं. लिलियानासाठीच मी ड्रायड आर्बर ठेवतो. ती जमीनही आहे आणि 1/1 चा जीवही. बळी मागितला की तिला पुढे करायचं, बोगल वाचतो. तिला काय म्हणू?

प्रतिसाद

बळीचा बकरा. इथे शब्दशः.