मदत हवी आहे: खासदारांचं संसदेतलं काम सापडत नाही (शिक्षण, कर, प्राणीकल्याण). शनिवारच्या आत!!

घाईत_गणपत
नमस्कार मंडळी. आमच्या खासदारसाहेबांनी शिक्षण, करपद्धती आणि प्राणीकल्याण यावर संसदेत काय काम केलं ते हवंय. भाषणं, प्रश्न, विधेयकं, काहीही चालेल. संसदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधलं, शून्य दाखवतंय. दोन तास गेले. कोणी थेट दुवा देईल का? कृपया "गूगल करा" म्हणू नये, करून झालंय.

कोकम_सरबत
नाव?

घाईत_गणपत
नाव इथे टाकत नाही, नाहीतर राजकारण सुरू होईल. पद्धत सांगा, मी शोधतो.

कोकम_सरबत
बरं. मग लोकसभा की राज्यसभा? कोणत्या वर्षांतलं काम? दोन्ही सभागृहांचे प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी शोधावे लागतात. एवढं तरी सांगा.

घाईत_गणपत
खासदार म्हटल्यावर लोकसभाच ना. निवडून आलेत.

निवृत्त_मास्तर
तीनही विषय आवडीचे. पण शिक्षण आणि कर एकत्र म्हटलं की नामदार गोखल्यांना ओलांडून जाताच येत नाही. १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना मिठावरचा कर त्यांनी सोडला नाही. मणाला अडीच रुपये होता, तो १९०३ ला दोन, १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपयावर आला. १९११ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. आजचे खासदार काय करतात, हा प्रश्न मी विचारत नाही.

घाईत_गणपत
मास्तर, आदर आहे, पण गोखले आमचे खासदार नाहीत.

शंकरपट_प्रेमी
प्राणीकल्याण म्हणजे नक्की काय? आमच्या बैलगाडा शर्यती २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या, २०१७ ला महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तरी डिसेंबर २०२१ पर्यंत शर्यतीचे घाट ओस. २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला तेव्हा कुठे जीवात जीव आला. तो कायदा केला विधानसभेने. म्हणून म्हणतो, खासदार सोडा, आमदार शोधा.

मांजरवाली_मावशी
घाट ओस होते तेव्हा बैल सुखात होते हो भाऊ.

शंकरपट_प्रेमी
बैल आमच्याकडे लेकरासारखा असतो. शहरात बसून बोलणं सोपं आहे.

मांजरवाली_मावशी
लेकराच्या शेपटीला कोण पिरगळा घालतं? असो. धागाकर्ते, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं वाचा. राज्यसभेत नामनियुक्त होत्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९५३ ला खासगी विधेयक आणलं. सरकार स्वतः कायदा आणेल असं नेहरूंनी सांगितल्यावर मागे घेतलं आणि १९६० ला कायदा झाला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आजही तोच! पाण्याच्या दोन बाटल्यांच्या पैशात कुत्र्याचा पाय मोडा.

सीए_होऊ_घातलेला
करांबद्दल कोणी विचारलं का? नवीन आणि जुनी करप्रणाली यात पगारदाराने काय निवडावं, हे मी सविस्तर लिहू शकतो. घरभाडं किती आहे?

घाईत_गणपत
अहो घरभाडं नाही. खासदारांचं काम!

सीए_होऊ_घातलेला
ते राज्यसभेत असतील तर करावर फार आशा ठेवू नका. कराचं विधेयक बहुधा धनविधेयक असतं. राज्यसभा त्यावर चर्चा करते, शिफारशी करते, पण १४ दिवसांत परत पाठवावंच लागतं. शिफारशी मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवते.

घाईत_गणपत
ते आता लोकसभेत आहेत म्हणालो ना.

कोकम_सरबत
"आता"? म्हणजे आधी?

घाईत_गणपत
आधी एक मुदत राज्यसभेत होते. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कोकम_सरबत
आम्ही तुमच्या गावचे नाही हो! आणि आता लोकसभेत साधे सदस्य आहेत की आणखी काही?

घाईत_गणपत
राज्यमंत्री आहेत. त्याचा काय संबंध?

कोकम_सरबत
सगळा संबंध तिथेच आहे. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. खासगी विधेयकही मंत्र्याचं नसतं, ते मंत्री नसलेल्या सदस्यांसाठी, शुक्रवारी असतं. म्हणून लोकसभेत शून्य. पीआरएस ही संसदेच्या कामाची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या खासदार-नोंदीतही मंत्र्यांची हजेरी नि प्रश्न मोजत नाहीत. तुम्ही रिकाम्या विहिरीत बादली सोडत होता. राज्यसभेच्या प्रश्नांत जा, त्यांची जुनी मुदत निवडा, मंत्रालयाच्या रकान्यात काही भरू नका.

घाईत_गणपत
गेलो. नाव आलं! पण पशुसंवर्धन मंत्रालय निवडलं की रिकामं, शिक्षण निवडलं तरी रिकामं.

कोकम_सरबत
मंत्रालय निवडू नका म्हटलं होतं. २०२० पर्यंत शिक्षण मंत्रालयाचं नाव मनुष्यबळ विकास होतं. आणि प्राण्यांवरच्या क्रूरतेचा विषय तेव्हा पर्यावरण मंत्रालयाकडे होता, पशुसंवर्धनाकडे नंतर गेला. जुन्या प्रश्नांवर जुनीच नावं असतात. कर मात्र अर्थ मंत्रालयातच मिळेल.

मांजरवाली_मावशी
आणि हे सगळं शनिवारपर्यंत कशासाठी लागतंय?

घाईत_गणपत
आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव. साहेब प्रमुख पाहुणे. मानपत्र मी लिहितोय. वरून आलेल्या मजकुरात "शिक्षण, करसुधारणा व प्राणीकल्याण क्षेत्रांत संसदेत भरीव कार्य" एवढंच आहे. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, भरीव म्हणजे काय ते लिहा, नाहीतर ओळ काढा.

निवृत्त_मास्तर
बाईंना माझा नमस्कार सांगा.

घाईत_गणपत
सापडले! एकूण सात. शिक्षकांच्या रिक्त जागांवर चार, छोट्या दुकानदारांच्या जीएसटी परताव्यावर दोन, आणि एक मावशींचा, तोच ५० रुपये दंड वाढवणार का म्हणून. पण सातही "अतारांकित" आहेत. म्हणजे कमी दर्जाचे का?

कोकम_सरबत
नाही. तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो, वर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. राज्यसभेत दिवसाला तारांकित फक्त १५ लागतात, अतारांकित १६०. कोणाचा लागेल ते चिठ्ठीवर. उत्तरंही उघडून वाचा, नुसते प्रश्न मोजू नका.

शंकरपट_प्रेमी
मानपत्रात "अतारांकित" लिहू नका बरं. मंडपात लोकांना वाटेल, साहेबांचा तारा काढून घेतला.

घाईत_गणपत
"सात लेखी प्रश्न विचारले" असं लिहिलंय. बाईंनी ओळ ठेवली. भरीव हा शब्द मात्र काढला. सगळ्यांचे आभार, कोकमभाऊ विशेष.

कोकम_सरबत
भाऊ नाही, ताई.

सीए_होऊ_घातलेला
घरभाड्याचं राहिलंच.