पंच पॉलिश करून स्टिकिंग जात नसतं, पंच जातात

टूलरूमवाला

औषधाच्या गोळ्या दाबायच्या मशीनच्या पंचांवरची परवाची ती पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. (नवख्यांसाठी: डाय म्हणजे पावडर भरायचा साचा, पंच म्हणजे ती वरून-खालून दाबणारे दांडे, पावडर पंचाच्या तोंडाला चिकटली की ते स्टिकिंग, आणि पंच-डायची देखभाल होते ती टूल रूम.) सार एवढंच: ‘स्टिकिंग आलं की पंच काढा, आरशासारखे चमकवा. दर बॅचनंतर पॉलिश झालंच पाहिजे. कॉम्प्रेशनची निम्मी दुखणी टूल रूमच्या आळसामुळे होतात.’ खाली ‘अगदी बरोबर सर’ म्हणणाऱ्यांची रांग. गप्पच बसणार होतो, पण आम्हालाच आळशी म्हटल्यावर राहवलं नाही.

पॉलिश करणं म्हणजे पुसणं नाही हो, धातू काढणं आहे. फेल्ट बॉबला, म्हणजे नमद्याच्या बोंडाला, डायमंड पेस्ट लावून कपात, म्हणजे पंचाच्या खोलगट तोंडात, फिरवली की स्टील जातं, आणि ते सगळीकडून सारखं जात नाही. हाताने करणाऱ्याचा जोर कडेला जास्त पडतो. आधी लँड, म्हणजे कपाभोवतीची बारीक सपाट पट्टी, जाते, मग कड पातळ होते, आणि पातळ कड एक दिवस डायच्या तोंडावर आपटून उडते. तो तुकडा कुठे गेला हे मग मेटल डिटेक्टरला विचारत बसा. एम्बॉसिंगचे, म्हणजे पंचावरच्या उठावदार अक्षरांचे, कोपरे गोल होतात, गोळीवरचं अक्षर पुसट उमटतं. हार्ड क्रोमचे पंच असतील तर आणखीच मजा. क्रोमचा थर पातळ, तो जागोजागी जातो, खालचं स्टील उघडं पडतं आणि पावडर नेमकी त्या ठिगळांवर आधी धरते. स्टिकिंग घालवायला केलेल्या पॉलिशनेच स्टिकिंगची सोय.

वर्किंग लेंग्थचं, म्हणजे पंचाच्या डोक्यापासून कपाच्या तळापर्यंतच्या लांबीचं, तर बोलायलाच नको. सेटमध्ये फरक ०.०५ मिमीच्या आत हवा. दर बॅचला बफिंग करणाऱ्यांनी शेवटचं माप कधी घेतलं होतं? आणि ओव्हरऑल लेंग्थ, म्हणजे टोकाच्या कडेपर्यंतची लांबी, सांगू नका, ती व्हर्नियरने कुणीही घेतं.

चिकटतं ते ब्लेंड, म्हणजे गोळीची मिसळलेली पावडर. ओलावा जास्त, फाइन्स (अगदी बारीक भुकटी) जास्त, स्टिअरेट (चिकटू नये म्हणून घालतात ते वंगण) नीट फिरलेलं नाही, टूलिंग तापलेलं. आणि शिक्षा पंचाला. आजार रेड्याला, औषध पखालीला.

नाइट शिफ्ट

छान लिहिलंत. आता रात्री अडीच वाजता निम्मी बॅच हॉपरमध्ये असताना पंचाच्या तोंडावर पावडर धरायला लागली की काय करायचं तेही लिहा. ब्लेंड परत ग्रॅन्युलेशनला, दाणे करायला, पाठवू? आर अँड डीवाले फोन उचलतील? माझ्या हातात तेव्हा दोनच गोष्टी असतात, मशीनचं सेटिंग आणि पंच. सेटिंग करून झालेलं असतं. मग पंच उतरवतो, साफ करून हलका हात मारतो, आणि बॅच सकाळपर्यंत निघते. हे माझ्या डोळ्यांदेखत होतं. तुमची थिअरी बरोबर असेल, पण गोळी निघते ती पॉलिशने.

आणि जे-हुकचं नाव तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये नाही, ते सोयीस्कर राहिलं का? टिपची, म्हणजे पंचाच्या टोकाची, कड आत वळून आकडा झाला की गोळीची टोपी तिच्यातच अडकून उडते. सगळे ‘कॅपिंग, कॅपिंग’ करत बाइंडरच्या, म्हणजे पावडर बांधून ठेवणाऱ्या घटकाच्या, नावाने खडे फोडतात. भिंगाखाली बघा, कडेवर बारीक ओठ आलेला दिसतो. नख आतून बाहेर ओढलं तरी लागतो. तो कशाने काढता? प्रवचनाने?

ग्रॅन्यूल गुरू

फॉर्म्युलेशनवाला, म्हणजे गोळीचं मिश्रण ठरवणारा, आहे, चपला आधीच बाजूला काढून ठेवल्यात, मारा.

दोघांनाही एकच विचारतो: दाबायचा फोर्स किती होता? निम्म्याहून जास्त वेळा मला बोलावतात तेव्हा ऑपरेटरने हार्डनेस खालच्या मर्यादेला चिकटवून ठेवलेला असतो, ‘डिसइंटिग्रेशन चांगलं येतं’, म्हणजे गोळी पाण्यात लवकर फुटते, म्हणून. गोळी मऊ राहिली की तिचे कण एकमेकांना धरण्याऐवजी पंचाला धरतात. फोर्स थोडा चढवा, कितीतरी वेळा स्टिकिंग तिथल्या तिथे थांबतं. पंचाला हातही लावावा लागत नाही.

आयबुप्रोफेनसारखं औषध मात्र वेगळं. ते ७५ ते ७८ अंशांनाच वितळतं. टरेट, म्हणजे पंच-डाय बसवलेलं फिरतं चाक, तासन् तास फिरून टूलिंग तापलं की ते पंचावर माखायला लागतं. तिथे तुम्ही आरसा करा नाहीतर भिंग करा, काही तासांनी पहिले पाढे पंचावन्न. उलट स्टिअरेट वाढवून जास्त फिरवलं तर हार्डनेस आणि डिसोल्यूशन (औषध विरघळणं) दोन्ही बसतात, मग तपासणी करणाऱ्या क्यूसीचा फोन येतो. तेव्हा कृपा करून ‘स्टिअरेट वाढवा’ हा सल्ला इथे देऊ नका.

लोगोपीडित

मूळ गुन्हेगार मार्केटिंग आहे आणि त्यांना इथे कुणी बोलत नाही. एवढीशी गोळी, तिच्यावर कंपनीचं नाव, स्ट्रेंग्थ, वर ब्रेकलाइन, म्हणजे गोळी मोडायची रेघ. बी, आर, ८, ६, सगळी बंद पोटाची अक्षरं. त्या पोटात ब्लेंड अडकून पिकिंग, म्हणजे गोळीवरचं अक्षर उचकटणं, होणार नाही तर काय होणार? पोट आधीच थोडं भरून घ्या, कोरीव कमी खोल ठेवा, अक्षर मोठं करा, हे टूलिंगवाले पहिल्या ड्रॉइंगलाच सांगतात. ऐकतो कोण? आर्टवर्क अप्रूव्ह होऊन आलेलं असतं.

टूलरूमवाला

लोगोपीडित, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, पूजा करतो.

नाइट शिफ्ट, जे-हुक काढायला पॉलिश लागतंच, मी कधी नाही म्हटलं? भिंगाखाली जे-हुक दिसला, तेवढ्या कडेला तेवढंच काम केलं, परत मापलं, नोंदवलं, याला मेंटेनन्स म्हणतात. दिसो न दिसो, सगळ्या पंचांना ‘हलका हात’ मारणं वेगळं. तुमचा हलका हात रोज रात्री पडतो. वर्षाने सेट माझ्याकडे येतो तेव्हा प्रत्येक पंच वेगळ्या लांबीचा झालेला असतो.

नाइट शिफ्ट

झाला वेगळ्या लांबीचा. मशीन फोर्स बघतं ना प्रत्येक स्टेशनचा, म्हणजे एकेका डाय आणि पंचजोडीचा? चुकीची गोळी रिजेक्ट करतं. तेवढ्यासाठीच तर एवढं मशीन घेतलं.

फिटर भाऊ

इथेच लोक फसतात म्हणून मध्ये पडतो. मशीन वजन बघत नाही हो. ते फोर्स बघतं आणि त्यावरून वजनाचा अंदाज करतं. हा अंदाज कधी खरा? सगळे पंच एका लांबीचे असतील तेव्हा.

आता एक लोअर पंच ०.०५ मिमी आखूड घ्या. भरताना त्याची टिप तेवढी खाली बसते, म्हणजे डायमध्ये पावडर जास्त. फिलिंगची खोली १० मिमी असेल तर अर्धा टक्का जास्त. दाबताना रोलरमधली फट तीच, पण पंच आखूड, म्हणून गोळी ०.०५ ने जाड. ४ मिमीच्या गोळीत ते सव्वा टक्का झालं. पावडर अर्ध्या टक्क्याने वाढली, जागा सव्वा टक्क्याने वाढली, म्हणून फोर्स कमी दिसतो. मशीनला वाटतं गोळी हलकी. प्रत्यक्षात ती जड! चांगल्या गोळ्या रिजेक्टच्या बिनमध्ये जातात आणि ऑपरेटर रिजेक्शन बघून फिलिंग वाढवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

याहून वाईट प्रकार म्हणजे जुन्या सेटमध्ये एक नवा पंच टाकणे. तो लांब असतो. दर फेरीला बाकीच्यांपेक्षा जास्त फोर्स तोच खातो. मी आधी जिथे होतो तिथे दोन टिपा तुटल्या म्हणून दोन नवे पंच टाकले, आणि काही आठवड्यांत नेमक्या त्याच दोघांच्या टिपा परत उडाल्या. स्टील खराब, सप्लायर चोर, असं महिनाभर चाललं. बाकीचा सेट कुणी मापलाच नव्हता. माझं मत सरळ आहे: एक गेला की पूर्ण सेट बदला.

क्यूए ताई

भाऊ, हे ‘पूर्ण सेट बदला’ कुणाच्या खिशातून? आमच्याकडे ४५ स्टेशनचं मशीन आहे. एक टिप गेली म्हणून सेट फेकायचा प्रस्ताव घेऊन तुम्हीच वरच्या मजल्यावर जा.

फिटर भाऊ

ताई, पैशाचं मला सांगू नका. डेव्हिएशन, म्हणजे चुकीची चौकशी, उघडून आठवडाभर बारा जणांच्या सह्या गोळा करता, त्याचा खर्च कुणी धरत नाही.

क्यूए ताई

सह्या आम्ही हौसेने घेत नाही. अमेरिकेच्या औषध-उत्पादन नियमांतल्या २१ सीएफआर २११.६७ चं शीर्षकच क्लीनिंग आणि मेंटेनन्स असं आहे. सगळ्यांना त्यातला पहिलाच शब्द वाचता येतो. तुमच्या दोन नव्या पंचांची लांबी बसवण्याआधी कुठे लिहिली होती? नाही ना? मग ‘कुणी मापलाच नव्हता’ मधला कुणी म्हणजे कोण?

फिटर भाऊ

तेव्हा मापायला गेज तरी होतं का? व्हर्नियर हातात द्यायचे आणि म्हणायचे वर्किंग लेंग्थ घे. कपाच्या खोलगट तळाला व्हर्नियरचा सपाट जबडा टेकतो का? तिथे सरफेस प्लेटवर स्टँड लागतो, डायल गेज लागतं, त्याला गोल टोक लागतं. ब्रेकलाइन असेल तर टोक तिच्यावर चढणार नाही हे बघावं लागतं. ऑफिसात बसून रेकॉर्ड मागणं सोपं असतं.

ग्रॅन्यूल गुरू

स्टिकिंगचा धागा होता बहुतेक. की मी चुकीच्या दारात आलोय?

टूलरूमवाला

गुरू, थांबा, हा वाद कधीतरी व्हायलाच हवा होता.

भाऊ, तुमची गोष्ट खरी, तुमचा निष्कर्ष चुकीचा. अडचण नव्या पंचाची नव्हतीच, जुने किती झिजलेत हे माहीत नसण्याची होती. जुना सेट मापून नव्याला धरून फरक ०.०५ च्या आत बसत असेल तर एक पंच बिनधास्त बदला. बाहेर जात असेल तर नका बदलू. आणि सेट घेतानाच त्याच लॉटचे तीन-चार पंच जास्तीचे घ्या. ते कपाटात जपून ठेवू नका, आळीपाळीने मशीनवर चालवा, म्हणजे बाकीच्यांबरोबर झिजतील. टिप गेली की स्पेअर तयार.

फिटर भाऊ

कागदावर छान आहे. आळीपाळी कोण लावणार? लाइन क्लिअरन्सला, म्हणजे बॅच सुरू करण्याआधीच्या तपासणीला, पंचाचे नंबर मोजायला माणूस मिळत नाही तिथे. ज्यांच्याकडे तुमच्यासारखी टूल रूम आहे त्यांनी बदलावा एकेक. आमच्यासारख्यांनी सेटच बदललेला बरा, असं म्हणा हवं तर.

टूलरूमवाला

हवं तर म्हणतो.

नाइट शिफ्ट

तुम्ही सेट बदलेपर्यंत एक साधी गोष्ट. सगळे पंचांवर तुटून पडलात, डायचं कुणी नाव काढलं नाही. जिथे गोळी दाबली जाते तिथे आत झिजून रिंग पडते. गोळी खाली तयार होते रुंद जागेत आणि बाहेर येते अरुंद तोंडातून. मग ती वर येताना फुटणार, नाहीतर टोपी सोडणार. हेच कॅपिंग म्हणून तुम्ही माझ्या पॉलिशच्या नावावर टाकता.

टूलरूमवाला

हा मुद्दा मात्र सोळा आणे. टेपर (डायच्या तोंडाशी दिलेला किंचित उतार) एकाच बाजूला नसेल तर डाय उलटी करून घाला, नाहीतर अप्पर पंचचं पेनिट्रेशन, म्हणजे तो डायमध्ये किती आत जातो ते, बदलून दाबायची जागा हलवा. हे तात्पुरतं आहे, रिंग खोल असेल तर डाय भंगारात. पण डाय काढताना टेबलातल्या तिच्या खाचेत पावडर राहिली आणि वर डाय तशीच ठोकून बसवली, की ती टेबलाच्या वर चिमूटभर राहते आणि पावडर भरणाऱ्या फीड फ्रेमचं पितळ खरवडते. मग गोळीवर काळे ठिपके आले की परत टूल रूमचा आळस.

क्यूए ताई

काळे ठिपके नव्वद टक्के अप्पर पंचच्या बॅरलवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, तेलाचे असतात. धूळ आणि तेल एकत्र होऊन खाली पडतं. आम्ही...

टूलरूमवाला

नव्वद टक्के कुणी मोजले ताई? पण हो, तेल कमी लावा, हे मान्य.

क्यूए ताई

टक्के सोडा. पॉलिशचा वाद हाताने करता म्हणून आहे. ड्रॅग फिनिशिंग मशीनमध्ये पंच घासणाऱ्या दाण्यांमधून ओढला जातो, वेळ ठरलेली, वेग ठरलेला. माणसागणिक जोर बदलत नाही. सुरुवातीला काही पंच आधी-नंतर मापून एका फेरीत किती जातं ते काढायचं आणि प्रोसिजरमध्ये लिहायचं. मग नाइट शिफ्टलाही करू द्या, मला काही हरकत नाही. पण क्रम पाळा: आधी धुणं, मग सुकवणं, मग भिंगाखाली बघणं, मग माप. पॉलिश त्यानंतर. अल्ट्रासॉनिक धुण्यातून काढून ओलेच ठेवता आणि सकाळी गंज आला म्हणून बफ करता, तो गंज तुमचाच असतो.

ग्रॅन्यूल गुरू

औषध हायड्रोक्लोराइड सॉल्ट असेल तर गंजायला सकाळचीही वाट बघावी लागत नाही. अशा प्रॉडक्टला जास्त क्रोमियमचं स्टील मागा. एकदा बारीक खड्डे पडले की वरून कितीही चमकलं तरी आत पावडर बसतेच. ही एक जागा अशी आहे जिथे मी टूलिंगला दोष देतो. बघा, देतो मी पण.

नाइट शिफ्ट

ठीक आहे, बहुमत झालं. पॉलिशच्या आधी भिंग आणि माप, मान्य. फोर्स चढवून बघायचं, तेही मान्य, तसंही ते मी आधीच करतो, फक्त गुरूंना कुणी सांगत नाही. आता एवढं सांगा, ते गोल टोकाचं डायल गेज रात्री कुठे असतं? आमच्याकडे टूल रूमला सहा वाजता कुलूप लागतं आणि बाहेर फक्त पेस्टचा डबा राहतो.

टूलरूमवाला

तुमच्या टूल रूमचं माहीत नाही. माझ्याकडे असता तर उलटं झालं असतं. गेज बाहेर, सही करून घ्या, आणि पेस्टचा डबा कुलपात.

लोगोपीडित

नवीन स्ट्रेंग्थचं आर्टवर्क आलंय आत्ताच. ८०० मिग्रॅ. एक आठ आणि दोन शून्यं, तिन्ही बंद पोटाची. कुणाला ड्रॉइंग बघायचंय का?