‘स्पेशल इलेक्शन’ म्हणजे पोटनिवडणूकच ना?

तांबडफुटी: भाषांतरात अडलंय. युटा राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल जॉन स्वॅलो यांनी डिसेंबर २०१३मध्ये पद सोडलं. गव्हर्नरांनी शॉन रेयेस यांना नेमलं आणि नोव्हेंबर २०१४मध्ये उरलेल्या मुदतीपुरती निवडणूक झाली. रेयेसच जिंकले. मी ‘महाधिवक्तापदाची पोटनिवडणूक’ लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्दांवर लाल रेघ मारली. त्यांच्या मते पोटनिवडणूक फक्त आमदार-खासदारांची.

जुनीपाटी: मग सरपंचाची काय? थेट निवडून आलेल्या सरपंचाचं पद रिकामं झालं की पोटनिवडणूकच लागते. तुमचं उदाहरण नेमकं तसलंच आहे. मात्र ‘महाधिवक्ता’ काढाच. आपल्याकडे कलम १६५नुसार त्यांना राज्यपाल नेमतात, मत कुणी देत नाही. ‘महान्यायवादी’ तर केंद्राचे. सरळ अ‍ॅटर्नी जनरल ठेवा.

शब्दवेडी: मला ‘पोट’ लेखात बरं वाटत नाही. उपनिवडणूक म्हणायला काय हरकत आहे? उपसभापती, उपनगर चालतंच की.

बांधावरून: हरकत आहे! ‘उपचुनाव’ वाचून वाचून हे सुचतं. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू हे सगळे आपलेच ना? माझे वडील शाळामास्तर. निवडणुकीची ड्युटी आली की आई आदल्या रात्री दशम्या बांधायची आणि विचारायची, “मोठी की पोटातली?” मोठ्या मुदतीच्या पोटातली, म्हणून पोटनिवडणूक. याहून स्वच्छ शब्द दाखवा.

जुनीपाटी: आईंचा शब्द गोड आहे, पण व्युत्पत्ती म्हणून मान्य नाही. ‘पोट’ म्हणजे मोठ्याचा लहान भाग. पोटभाडेकरू कुणाच्या मुदतीत असतो?

बांधावरून: मूळ भाडेकरूच्याच!

तांबडफुटी: बाई आता ‘मध्यावधी’ सुचवताहेत, कारण अमेरिकेत त्याच दिवशी, ४ नोव्हेंबरला, मिडटर्म (राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर होणारी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची निवडणूक) होती.

शब्दवेडी: नको नको. मराठी वाचकाला मध्यावधी म्हटलं की १९८० आठवतं, लोकसभाच मुदतीआधी बरखास्त झालेली. त्यापेक्षा पोट परवडलं.

बांधावरून: सातबारा काढून बघा, पोटखराबा दिसेल. गटातच असतो, पण लागवडीला येत नाही. तोही ‘आतला’च.

जुनीपाटी: आणि पोटहिस्सा? तो तर वेगळा पाडलेला असतो. आमच्या गटाचे चार पाडले, चारही कसतात. तिथे ‘आतला’ कसं लावणार?