मदत हवी आहे: चित्रांना 'व्हिम्झिकल' म्हणायचंय, मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी. भाची इथे बडोद्यात फाइन आर्ट्सला आहे. तिच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन आहे, माहितीपत्रक तीन भाषांत. इंग्रजी तिच्या सरांनी लिहिलं, गुजराती मैत्रिणीनं, आणि मराठी 'मावशी आहेच की' म्हणून माझ्या गळ्यात. अडलंय एकाच शब्दावर. कोशात लहरी, छांदिष्ट, विक्षिप्त सापडतं. 'लहरी चित्रे' छापलं तर सासूबाई विचारतील, मनात आलं तरच दिसतात का?

एका चित्रात मांडवीचा दरवाजा धोतर खोचून सूरसागर तलावात पाय सोडून बसलाय. दुसऱ्यात कमाटीबागेतलं फुलांचं घड्याळ, काट्यांच्या जागी दोन बगळे. मिनिटाचा बगळा पेंगतोय. मैत्रीण 'तरंगी' लिहून मोकळी झाली. गुजरातीत ते शोभतं. मराठीत कुणी 'तरंगत' घरी आला म्हणजे काय, ते सांगायला नको.

वकीलकाका: आमच्या कोर्टात हा शब्द नेहमी भेटतो, पण शिव्या खायला. 'आर्बिट्ररी अँड व्हिम्झिकल' हुकूम म्हणजे मनमानी. कारण नाही, साहेबांच्या मनाला आलं म्हणून केलेला. तिथे 'लहरी' चपखल. दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवणाऱ्या तुघलकाला आपण शाळेत 'लहरी महंमद' म्हणूनच शिकलो ना! बिचाऱ्या बगळ्यावर तो शिक्का नको.

शब्दवेडी: काका म्हणतात ते सत्तेबद्दल खरं. पावसालाही आपण लहरी म्हणतो ते वैतागूनच. माणसाबद्दल बोलताना इंग्रजीतही त्यात थोडी तक्रार असू शकते, 'त्याचं काही सांगता येत नाही' अशी. चित्र, किटली, टोपी यांच्याबद्दल मात्र ते बहुधा कौतुक असतं: वेगळंच काहीतरी सुचलंय आणि बघून हसू येतंय. एका शब्दाचा हट्ट सोडा, ताई. नुसतं 'गमतीदार' पोरकट वाटतं, 'कल्पनेची भरारी' तर लग्नपत्रिकेतल्यासारखं गुळगुळीत. 'खेळकर, जराशी तिरपागडी चित्रं' कसं वाटतं?

रावपुरा_रिटर्न: पेंगणारा बगळा मिश्कील आहे, खेळकर नव्हे.

धागाकर्ती: 'मिश्कील' एकदम पटलं! 'मिश्कील, तिरपागड्या कल्पनांची चित्रे' असं लिहितेय. भाची कुरकुरतेय, तिरपागडी म्हणजे रेघा वाकड्या आल्यात असं लोकांना वाटेल म्हणे. वाटू दे, मराठी मजकूर माझा आहे. आता शेवटचं: उद्घाटनाला सरांचं इंग्रजी वाक्य मलाच वाचायचंय. जोर कुठे द्यायचा?

शब्दवेडी: पहिल्यावर. विम्-झि-कल. 'झ' झऱ्यातला, झेंड्यातला नव्हे.