नॉर्थ अँड साउथ: थॉर्नटनने पहिल्याच सीनमध्ये हात उचलायला हवा होता का?

वाचनवेडी:
बीबीसीची नॉर्थ अँड साउथ परत बघितली, २००४ची, चार भागांची, रिचर्ड आर्मिटेजवाली. पाठोपाठ एलिझाबेथ गॅस्केलची कादंबरीही परत वाचून काढली आणि आता राहवत नाहीये. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: मार्गारेट हेल दक्षिण इंग्लंडच्या खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी, वडील चर्च सोडतात आणि घरचे सगळे उत्तरेला मिल्टन नावाच्या गिरण्यांच्या गावात येतात (मिल्टन म्हणजे मँचेस्टरच), तिथे गिरणीमालक थॉर्नटनशी गाठ पडते. कादंबरीत ही पहिली भेट हॉटेलच्या खोलीत होते. वडील बाहेर गेलेत, ही दमलीये, समोर तो अवघडून बसलाय, बस एवढंच. सीरियलमध्ये काय, तर ती गिरणीत शिरते आणि हा एका कामगाराला बेदम मारतोय! मला हे अजिबात पटलं नाही. पुस्तकात तो चहाला येतो आणि निघताना हात पुढे करतो, मिल्टनची रीतच ती, हिला ती रीत माहीत नसते म्हणून ही नुसती मान लववते आणि तो घमेंडखोर पोरगी म्हणून चरफडत जातो. एका न मिळवलेल्या हातात दोन्ही मुलखांमधलं अंतर दिसतं. ते असताना लाथाबुक्क्या कशाला?

लालबागकर:
ताई, नाही पटलं. तो कामगार कापसाच्या गिरणीत तंबाखूचा पाइप ओढत होता. माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथे होते, खात्यात विडी काडी म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरांनासुद्धा माहीत होतं, एक ठिणगी पडली की संपलं. थॉर्नटन मारतो ते चूकच, त्याचं समर्थन नाही करत मी, पण तो का पिसाळला हे गिरणीतल्या माणसाला लगेच कळतं आणि मार्गारेटला कळत नाही, गोष्ट तीच तर आहे ना? आणि दार उघडल्यावर हवेत बर्फासारखा उडणारा तो कापूस! माझी आई शेजारी बसली होती, तो बघून म्हणाली, हे असे कामावरून यायचे, भुवयासुद्धा पांढऱ्या. हॉटेलच्या खोलीत हे कुठून दाखवणार होते?

वाचनवेडी:
दादा, कापसाचा सीन मलाही आवडतो, त्याबद्दल वादच नाही. पण तो कापूस गॅस्केलचाच आहे. बेसी हिगिन्स आठवा, एकोणीस वर्षांची, कार्डिंगच्या खोलीत काम करून छातीत तंतू गेलेले, मरायला टेकलेली. ती सांगते की काही मालक खोलीच्या टोकाला मोठं चाक बसवतात, त्याने धूळ ओढली जाते, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा नाही, म्हणून फारसं कोणी बसवत नाही. आणि काही कामगारांनाच ते चाक नको असतं, कारण तंतू गिळायची सवय झालेली, ते पोटात गेले नाहीत तर भूक जास्त लागते आणि पगार तर तेवढाच! हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. यात कोणी कोणावर हात उचललेला नाही तरी माणूस मरतोय. सीरियलने मारहाण आधी दाखवली की बघणाऱ्याला वाटतं प्रश्न मालकाच्या रागाचा आहे. प्रश्न त्या चाकाच्या हिशोबाचा आहे हो.

डोंबिवली_लोकल:
मध्ये बोलतो. मूळ पुस्तकाला इतकं सोवळ्यात ठेवायचं कारण नाही. ही कादंबरी १८५४-५५ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात तुकड्या-तुकड्यांनी येत होती, नाव सुद्धा त्यानेच सुचवलेलं, आणि जागा कमी म्हणून शेवट गुंडाळावा लागला ही बाईंचीच तक्रार होती, पुस्तक काढताना त्यांनी तो भाग वाढवला. म्हणजे लेखिकेनेच बदललं, मग पटकथा लिहिणाऱ्या सँडी वेल्चने बदललं तर काय बिघडलं? सीरियलच्या शेवटी रेल्वे स्टेशनवर मार्गारेट आणि थॉर्नटन भेटतात, एक गाडी दक्षिणेला, एक उत्तरेला, मला तर पुस्तकापेक्षा भारी वाटलं.

वाचनवेडी:
स्टेशन सुंदर आहे, मान्य. पण पुस्तकात लंडनच्या घरात ती त्याला कर्ज देऊ करते तेव्हा आकडा सांगते, १८,०५७ पौंड, बँकेत अडीच टक्क्यांनी पडलेत, तुम्ही जास्त व्याज द्याल. वरचे सत्तावन्नसुद्धा! मिल्टनमध्ये येऊन ती हिशोब शिकली ते त्या सत्तावन्नात आहे. स्टेशनवर आपण चुंबनाची वाट बघत बसतो आणि पैशाचं बोलणं कानाआड जातं.

लालबागकर:
चाकाचं मला माहीत नव्हतं, पुस्तक वाचलेलं नाही, आता मिळवतो. आमच्याकडे तंतूंवर गूळ खायचे, वडिलांच्या डब्यात रोज खडा असायचा. पण पहिल्या सीनवर मी अजून तिथेच आहे ताई. आई इंग्रजी समजत नसताना चारही भाग बसून बघते, ते त्या गिरणीच्या दारामुळेच.