पुरात भिजलेल्या रेडिओच्या साहित्यातून हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर करता येईल का?

कृष्णाकाठ (सांगली):

नमस्कार. आमच्याकडे वडिलांच्या काळातला एक व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) रेडिओ आहे. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर असताना तो पूर्ण पाण्याखाली गेला. नंतर गाळ काढून, उन्हात वाळवून मी तो जपून ठेवला आहे. त्यात ईसीएच८१, ईबीएफ८९, ईसीएल८२ आणि ईझेड८० असे व्हॉल्व्ह आहेत. शिवाय एका परिचितांनी मला ईसीसी८२ ची जोडी दिली आहे. या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर वापरून हेडफोनसाठी अ‍ॅम्प्लिफायर करावा अशी फार दिवसांची इच्छा आहे. माझा हेडफोन ३२ ओहमचा असून ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायनाचे असते. जुना ट्रान्सफॉर्मर चालेल का, आणि डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला एक ईसीसी८२ लावून हा हेडफोन थेट चालवता येईल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा (सातारा):

सर्वप्रथम ट्रान्सफॉर्मरविषयी. कृपया तो कोणत्याही परिस्थितीत मेन्सला (घरच्या विजेला) जोडू नका. पुराच्या पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ आणि क्षार वाइंडिंगच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) थरांमधल्या कागदात मुरलेले असतात, आणि बाहेरून तो कितीही कोरडा दिसला तरी आतले इन्सुलेशन पूर्वीसारखे राहिले आहे असे मानता येत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) आज समाधानकारक आकडा मिळाला तरी पावसाळी हवेत तो टिकेलच असे नाही. प्रायमरी (मेन्सकडचे वाइंडिंग) आणि सेकंडरी (संचाकडचे वाइंडिंग) यांच्यातले इन्सुलेशन गेले, तर २३० व्होल्टचा मेन्स थेट कानावर लावलेल्या वस्तूपर्यंत पोहोचू शकतो. या एका कारणासाठी तो ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवावा. जुने कंडेन्सर (म्हणजेच कपॅसिटर) आणि गाळ मुरलेले सॉकेटही वापरू नयेत.

व्हॉल्व्हचे मात्र तसे नाही. काच बंद असल्यामुळे आत पाणी जात नाही. पिना गंजल्या असतील तर त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करता येतात. काचेच्या माथ्यावर आतून जो आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे असे समजावे आणि तो व्हॉल्व्ह सोडून द्यावा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. बहुतेक जण आधी व्हॉल्व्ह निवडतात आणि मग हेडफोनचा विचार करतात. माझ्या मते क्रम उलटा असायला हवा. ईसीसी८२ चा ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे इनपुटच्या दर व्होल्टला करंट किती बदलतो ते माप, साधारण २.२ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट असतो, त्यामुळे कॅथोड फॉलोअर म्हणून (व्होल्टेज न वाढवता फक्त करंट पुरवणारा) जोडल्यावर त्याचा आउटपुट इम्पिडन्स (आउटपुटचा स्वतःचा अंतर्गत अडथळा) सुमारे ४५० ओहम येतो. त्याच्यापुढे ३२ ओहमचा हेडफोन लावला की सिग्नलचा पंधरावा हिस्सा कसाबसा हेडफोनला मिळतो. ३२ ओहममध्ये एक मिलिवॅट द्यायचा तर जवळजवळ ८ मिलिअँपिअरचे शिखर लागते, आणि हा व्हॉल्व्ह स्वतःच १० मिलिअँपिअरच्या आसपास चालत असतो. म्हणजे तबल्याच्या जोरदार थापेला हाताशी काही उरत नाही. ३०० ओहमच्या हेडफोनला तेवढ्याच शक्तीसाठी अडीच मिलिअँपिअरचे शिखर पुरते. त्यामुळे तशा हेडफोनसाठी सुमारे ८० ओहमचा आउटपुट देणारा ईसीसी८८ चांगला ठरतो, पण तुमच्या हेडफोनला तोही योग्य नाही.

म्हणून ३२ ओहमसाठी हायब्रिड (व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर मिळून) रचना करावी असे मी आग्रहाने सुचवेन. एकाच ईसीसी८२ मधले दोन ट्रायोड (एकाच काचेतले दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह) दोन बाजूंना वापरावेत आणि प्रत्येकाच्या पुढे आयआरएफ५१० मॉसफेटचा (एक प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) फॉलोअर लावावा. व्हॉल्व्हने व्होल्टेज वाढवायचे आणि मॉसफेटने करंट पुरवायचा. हेडफोनला अर्धा व्होल्टसुद्धा पुष्कळ असल्यामुळे ४८ व्होल्टचा पुरवठा पुरतो, आणि पहिल्याच जोडणीत अडीचशे व्होल्टशी गाठ पडत नाही, हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ आहे. मॉसफेटच्या सोर्सला (आउटपुटच्या पायाला) २२० ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावून बायस (सिग्नल नसतानाचे व्होल्टेज) असा ठेवावा की त्याच्यावर २४ व्होल्ट येतील. करंट सुमारे ११० मिलिअँपिअर राहील. मॉसफेट आणि रेझिस्टर दोन्ही अडीच वॅटहून अधिक उष्णता देतील, म्हणून मॉसफेटला हीटसिंक हवाच. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या पिना ४ आणि ५ मध्ये १२ व्होल्ट दिले तरी चालते.

तंतुवाद्य (मिरज):

वरील सूचनेशी सहमत आहे. तरीही पुढेमागे आपण ३०० ओहमचा हेडफोन घेऊन संपूर्ण व्हॉल्व्हचा संच करणार असाल, तर ट्रान्सफॉर्मर नवीन वाइंड करून घ्यावा: १८० व्होल्टची सेकंडरी, हीटरसाठी वेगळे वाइंडिंग, आणि प्रायमरी-सेकंडरीमध्ये अर्थिंगला जोडलेला तांब्याचा पडदा. रेक्टिफाय केल्यावर (एसीचे डीसी केल्यावर) सुमारे २५४ व्होल्ट मिळतात. फिल्टरच्या १०० मायक्रोफॅरड कंडेन्सरवर १०० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर (साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) न विसरता लावावा. बंद केल्यावर एका मिनिटात व्होल्टेज एका व्होल्टच्या आत येते. तरीही मीटरने पाहिल्याशिवाय आत हात घालू नये.

अशा संचात घरघर आली तर आधी ती कोणती आहे हे ओळखावे. ५० हर्ट्झची असेल तर ती हीटरच्या तारांमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते, १०० हर्ट्झची असेल तर बहुधा फिल्टर अपुरा आहे. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला ही दुसरी अधिक त्रास देते. पांढरी एक (हार्मोनियमची सी ही पट्टी) हा षड्ज धरला तर मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम ९८ हर्ट्झच्या किंचित वर येतो. त्याच्याशेजारी १०० हर्ट्झची घरघर असली की सेकंदाला सुमारे दोन आंदोलने पडतात, आणि उत्तम मिळवलेल्या तानपुऱ्याचा पंचमसुद्धा हलता वाटू लागतो. आमच्या मिरजेत जवारी लावताना (तानपुऱ्याच्या घोडीवर तारेचा नाद जुळवताना) ज्या बारकाईने कान दिला जातो, तितक्याच बारकाईने इनपुट शॉर्ट करून (म्हणजे सिग्नल आत न जाऊ देता) संच ऐकावा. जुन्या तबकड्यांचे ध्वनिमुद्रण लावून ही परीक्षा करू नये, कारण त्यांच्या खरखरीत घरघर लपते.

कृष्णाकाठ (सांगली):

दोघांचेही मनापासून आभार. हायब्रिडच करायचे ठरवले आहे. कुपवाडच्या एमआयडीसीतून २ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापून घेणार आहे. एक शंका राहते: मॉसफेटच्या सोर्सवर २४ व्होल्ट असतील, तर सुरू करताना हेडफोनला धोका नाही का?

अजिंक्यतारा (सातारा):

धोका आहे, आणि त्याची तरतूद आधीच करावी. हेडफोनच्या आधी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागेल. ३२ ओहमला त्याची खालची मर्यादा १० हर्ट्झच्या जवळ येते. मात्र सुरुवातीला तो चार्ज होताना जो धक्का बसतो तो हेडफोनला झेपेलच असे नाही. म्हणून प्रत्येक बाजूला कपॅसिटरच्या पुढे एक किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडावा आणि त्यानंतर रिले (विजेवर चालणारा आपोआपचा स्विच) ठेवून हेडफोन ३० सेकंदांनीच जोडला जाईल अशी व्यवस्था करावी. तेवढ्यात व्हॉल्व्हही तापलेला असतो. वीज जाताच रिले ताबडतोब सुटला पाहिजे, हेही तपासून घ्यावे, कारण आपल्याकडे वीज गेली की दोन मिनिटांत परत येते आणि मग तो धक्का पुन्हा बसतो. पत्र्याला तीन पिनी वायरची अर्थिंग स्वतंत्र स्क्रूने, रंग खरवडून जोडावी. पहिल्या चाचणीला हेडफोनऐवजी ३३ ओहमचा रेझिस्टर लावून त्याच्या दोन टोकांमधले डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही मिलिव्होल्टपेक्षा अधिक दिसले तर कपॅसिटर गळतो आहे, तो बदलूनच पुढे जावे.