गजकर्ण जाईना, अन् भाचा म्हणतो त्याला जपाननं नाव दिलंय?

परळीकर:
घरात तिघांना गजकर्ण झालंय, आधी मांडीत मग कंबरेला, मेडिकलवरून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं अन् पुन्हा चट्टा मोठा, बुरशी मारायच्या टर्बिनाफिनच्या गोळ्या पण खाऊन झाल्या. भाचा म्हणतो हा नवीन प्रकार हाय, जपानवाल्यांनी नाव दिलं, अमेरिकेत पण सापडला. आपल्या खाजेत त्यांना कामून एवढा इंटरेस्ट?

मेडिकलवाला लातूर:
ट्यूबच्या मागं बारीक अक्षरात क्लोबेटासॉल लिहिलंय का बघा. स्टिरॉइड हाय ते, खाज दाबतं पण बुरशी जोमात पसरते. २०१८ पासून असल्या क्रीम चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, पण गिऱ्हाईक नाव घेऊनच मागतं, नाही दिली की शेजारच्या दुकानात.

लॅबवाली ताई:
भाचा बरोबर सांगतोय. ट्रायकोफायटन इंडोटिनी, गजकर्ण करणारी बुरशी हाय ही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिलं, नमुने जपानमधल्या भारतीय अन् नेपाळी पेशंटचे होते. २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये दोन केस नोंदवल्या, त्यातली एक बाई अलीकडं परदेशात गेलेलीच नव्हती, म्हणजे तिथल्या तिथंच लागण. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या एन्झाइमला धरतं त्याचाच जीन बदललाय, मग गोळी काय करणार? इथले नमुने अन् तिथले नमुने शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही, इंटरेस्ट तो. आमच्याकडं कातडी खरवडून केओएच नावाच्या द्रावणात टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बुरशी हाय एवढंच दिसतं, कोणती ते कल्चरवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवून, पण नक्की सांगता येत नाही, जीन वाचावा लागतो. चंडीगढच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये बुरशीचं मोठं रेफरन्स सेंटर हाय, पण आपल्या तालुक्यातून तिथं नमुना पाठवतंय कोण?

नांदेडचा पोऱ्या:
अन् डब्ल्यूएचओनं २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, १९ नावं, त्यात गजकर्णवाली एक पण नाही. जीव जात नाही ना. रात्रभर खाजवणाऱ्याला विचारा म्हणावं.

परळीकर:
ट्यूब बघितली ताई, क्लोबेटासॉलच निघालं. आता काय करू?

लॅबवाली ताई:
ट्यूब बंद, अन् तिघं मिळून मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीला जा, एकट्यानं औषध घेतलं तर दुसऱ्याकडून परत लागतंय. खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, मग डॉक्टर इट्राकोनॅझोल, म्हणजे बुरशीचं दुसरं औषध, द्यायचं का ठरवतील. टॉवेल, चड्ड्या वेगळ्या, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात.